हेडफोनमधला वॉर्ड

[रात्र. जर्मनीतल्या एका वसतिगृहाची खोली. खुर्चीच्या पाठीवर ड्यूटीचा गणवेश. टेबलावर लॅपटॉप, त्यावर जर्मनचा सराव करणारी, नर्सिंग शिकणारी मराठी मुलगी.]

हेडफोनमधून वॉर्डातली सकाळ ऐकू येते आहे. एक आजोबा म्हणतात, ‘मिअर इस्ट श्लेष्ट.’ श्लेष्ट म्हणजे वाईट, हे तिला पहिल्या महिन्यापासून पाठ आहे. ती धीराचं उत्तर निवडते. चूक. आजोबांना मळमळतंय. आधी उलटीसाठी किडनी ट्रे धरायला हवा.

ती प्रसंग पुन्हा लावते. इथे चुकलं तरी कुणाला त्रास होत नाही.

जर्मनीत 2020 पासून नर्सिंगचं प्रशिक्षण नव्या कायद्याने चालतं. तीन वर्षं, 2,100 तास वर्गात, 2,500 तास रुग्णांजवळ. शिकवणं, परीक्षा, ड्यूटी बदलताना द्यायची रुग्णांची माहिती म्हणजे ‘ओव्हर’, सगळं जर्मनमध्ये. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. म्हणजे भाषेचा हा प्रश्न आता आपल्याही घरातला आहे.

[पडद्यावर धड्यांची यादी सरकते.]

तिथल्या लोकविद्यालयांचं, म्हणजे प्रौढांना शिकवणाऱ्या केंद्रांचं, जर्मन शिकायचं पोर्टल अगदी पहिल्या पायरीपासून बी-टू, म्हणजे मध्यमाच्या वरच्या पातळीपर्यंत मोफत आहे. नर्सिंगसाठी वेगळं ॲपही आहे: कामाचा एक दिवस, संवादांतून.

मराठी मुलीला इथे एक शिदोरी सोबत असते, फक्त ती कुणीतरी दाखवून द्यावी लागते. इंग्रजीवरून जाणारी ‘मी थंड आहे’ असं काहीतरी जर्मनमध्ये बोलून बसते. जर्मन माणूस ‘मला थंडी’ म्हणतो, थेट आपल्यासारखं. बीपी 138. जर्मनमध्ये शंभरानंतर आधी आठ, मग तीस. इंग्रजीतून आकडे लिहायची सवय असलेल्यांचे इथे हमखास उलटे होतात. 38 चे 83. पण आपला अडतीससुद्धा आठापासूनच सुरू होतो! म्हणून शिकवणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं, या मुलींना इंग्रजीच्या वाटेने नेऊ नका.

आणखी एक. हा अभ्यास रात्री दहाला का? दिवसभर उभं राहून आलेल्या मुलीच्या कानात नवा शब्द शिरणार कसा? भाषेचे तास ड्यूटीतच धरले पाहिजेत. ओव्हर नीट कळणं हे रुग्णसेवेचंच काम आहे.

[सकाळ. वॉर्डचा लांब कॉरिडॉर.]

काही गोष्टी मात्र पोर्टलवर भेटत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या या भागातल्या म्हाताऱ्या माणसांची बोली श्वेबियन. पुस्तकात ‘फूस’ म्हणजे पाऊल. आजी म्हणतात, फूस दुखतोय. ती वाकून पाऊल बघते, बोटं बघते, काहीच नाही. शेजारची अनुभवी नर्स हसून आजींच्या मांडीवर हात ठेवते. श्वेबियनमध्ये फूस कमरेपासून सुरू होतो.

‘म्हणजे पाय,’ ती मराठीत पुटपुटते, आणि आजींचा गुडघा तपासायला घेते.