आधी गळती, मग बूस्ट

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या या गाळ्यात टर्बोच्या गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा भरतो तो दाब, वाढवायचाय. गाडी सकाळीच ताकद मोजणाऱ्या रोलरवर चढली, लॅपटॉप मात्र अजून बंद आहे. टर्बोच्या तोंडाला बूच लावून पाइपात धूर सोडलाय. टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या वळणाकडे बघा. क्लिपखालून पांढरी रेघ निघतेय. एवढी गळती भरून काढायला टर्बो जास्त फिरतो, हवा जास्त तापते आणि गेजवर सगळं ठीकच दिसतं. जुनी क्लिप काढून टी-बोल्टची बसवली. पुन्हा धूर सोडला. रेघ गेली.

चारही प्लग बाहेर. गरम इंजिन, थ्रॉटल पूर्ण उघडा, कॉम्प्रेशन मोजायचं. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असला, तर काम इथेच थांबतं. नवे प्लग एका हीट रेंजने थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, गॅप 0.8 वरून 0.65 मिलिमीटर. दाट हवेत ठिणगीला मोठी फट झेपत नाही, गाडी मिस मारते आणि लोक कॉइल बदलत बसतात.

आता ही बारीक नळी. वेस्टगेटची, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची. ती निसटली तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट सुटतो. म्हणून दोन्ही टोकांना क्लिप, आणि बूस्ट वाढवायच्या आधी 17 पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) फ्यूल कट, म्हणजे तिथे पेट्रोल आपोआप बंद.

लॅपटॉप उघडला. लक्ष्य 15 पीएसआय. कंपनीच्या सेटिंगपेक्षा चार जास्त. इंजिनाच्या सेटिंगची तयार फाईल टाकली तर दहा मिनिटांत होतं. पण ती फाईल कुठल्या उंचीवर, कुठल्या पेट्रोलवर बनली, हे फाईल सांगत नाही.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा 14.7 पीएसआय नाही, 13.7 च्या आसपास. गेजवर 15 आणायला टर्बोला हवा जवळपास 2.1 पट दाबावी लागते, मुंबईत 2.02 पट पुरते. टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या भागाची, कंप्रेसरची, कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर 35 अंशांवर आत गेलेली हवा 140 च्या आसपास तापून बाहेर पडते. हा समोरचा मोठा पंखा इंटरकूलरसाठी आहे. मॅनिफोल्डमधली, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी पोचलेली हवा 55 अंशांवर गेली की पुढचा पुल, म्हणजे रोलरवरची फुल थ्रॉटलची धाव, नाही, थांबायचं.

पंपावरचं पेट्रोल ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं. त्याच्यासाठी हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण शुद्ध पेट्रोलसारखं 14.7 नसून साडेतेराच्या जवळ असतं. म्हणून वाइडबँडवर, म्हणजे एक्झॉस्टमधल्या सेन्सरवर, एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) नाही, लॅम्डा वाचायचा: 1 म्हणजे आदर्श, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त. या इंजिनाला फुल थ्रॉटलवर 0.80. इंजेक्टरची ड्यूटी, म्हणजे तो उघडा राहण्याचा वेळ, 85 टक्क्यांवर गेली, तर बूस्ट तिथेच गोठवायचा.

क्रम ठरलेला. आधी पेट्रोल वाढवायचं, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चार अंश मागे घ्यायचं, मगच बूस्ट. तोही एक-एक पीएसआय. चौथ्या गिअरमध्ये 2000 ते 6000 आरपीएम, एक पुल, एक लॉग, म्हणजे सेन्सरची नोंद. हिरवी रेघ बूस्ट, पिवळी लॅम्डा, लाल नॉक, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी पेटून बसणारा ठोका. 3400 ला लाल रेघ उसळलेली दिसते? टॉर्क जिथे शिगेला पोचतो तिथेच नॉक आधी येतो. टायमिंगच्या तक्त्यातल्या त्या खान्यातून दोन अंश काढले. पुढच्या पुलला रेघ सपाट.

15 वर पोचल्यावर टायमिंग एकेक अंशाने परत द्यायचं. अंश दिला आणि टॉर्क वाढला नाही, तर तो परत घ्यायचा, नॉक नसला तरी.

शेवटी टायमिंगचे दोन अंश राखून ठेवलेत. कसारा घाट उतरून गाडी खाली गेली की त्याच 15 वर इंजिनात साडेतीन टक्के जादा हवा भरते. नॉक चालूच राहिला तर पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत बदल करण्याबद्दलचं), विमा आणि वॉरंटी हे गाडी गाळ्यावर आणायच्या आधी मालकाने बघायचं.

शेवटचा पुल झाला, इंजिन चालूच. दोन मिनिटं आयडलवर, टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल करपू नये म्हणून.

500 किलोमीटरनंतर गाडी परत येईल. क्लिपा आवळायच्या, प्लग काढून भिंगाखाली धरायचे. पांढऱ्या पोर्सलेनवर चंदेरी ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. बूस्ट लगेच दोन पीएसआय खाली, आणि लॉग पुन्हा पहिल्यापासून.