साताऱ्यात पाणी कितीला उकळतं?

नमस्कार श्रोतेहो. साताऱ्याच्या एमआयडीसीत तापमानाचे सेन्सर बनवणारा एक कारखाना वाढतोय. शेजारचा प्लॉट घेतलाय, नव्या शेडचं काम सुरू आहे, आणि भरती निघणार आहे. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक केलेल्यांनी कान टवकारावेत.

सेन्सर म्हणजे काय, तर स्टीलच्या नळीत प्लॅटिनमची बारीक तार. तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. 0 अंशाला 100 ओहम, 100 अंशाला 138.5. दूध डेअरीत, साखर कारखान्यात हीच नळी बसते. झालं.

आता किस्सा. आमच्या शेजारचा पोरगा तिथंच चिकटला. (हल्ली स्थळ बघताना पहिला प्रश्न, मुलगा पुण्यात आहे का? जसं काही साताऱ्यात पगारच होत नाहीत. असो.) तर काम काय, थर्मासमध्ये बर्फाचा चुरा नि पाणी, त्यात सेन्सर बुडवायचा, शून्य दाखवतो का बघायचं. सगळे पास. मग पठ्ठ्यानं स्वतःच्या हुशारीनं पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. खळाखळा उकळी फुटली आणि आकडा साडेसत्त्याण्णवावर अडला. दुसरा सेन्सर, तेच. तिसरा, तेच. यानं अख्ख्या ट्रेला लाल स्टिकर लावले.

सुपरवायझर बाई आल्या. माहेर महाबळेश्वरचं. त्यांनी ट्रे बघितला आणि विचारलं, "काय रे, आमच्याकडं कुकरशिवाय कधी डाळ शिजवलीयस?"
"नाही मॅडम."
"शिजव एकदा. दुपार होईल, तरी बोटचेपी होणार नाही."

श्रोतेहो, सातारा समुद्रसपाटीपासून 700 मीटरहून उंच. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं, साडेसत्त्याण्णवाच्या आसपास. महाबळेश्वर तर 1,350 मीटरवर, तिथं पंचाण्णव-शहाण्णवालाच उकळी, पाणी त्याहून तापतच नाही, म्हणून बाईंची डाळ शिजायला दुपार होते. शंभर अंश मुंबईच्या किनाऱ्यावर. पुन्हा सांगतो, शंभर फक्त किनाऱ्यावर. सेन्सर खरं बोलत होते, शाळेतलं पाठांतर तेवढं आडवं आलं. पोरगा संध्याकाळपर्यंत नखानं स्टिकर खरवडत बसला होता.

तर नव्या शेडमध्ये जोडणीला माणसं लागतीलच, पण तपासणीला जास्त लागतील. असं काम शिकलेला माणूस डेअरीतही चालतो, औषध कंपनीतही चालतो. अर्ज करायला जाल तेव्हा गेटवर एकच विचारा, भरती कायम की कंत्राटी? कंत्राटी म्हणाले तर पीएफ कोण भरणार, तेही तिथंच विचारून घ्या. लाजू नका. नमस्कार.