धूर ओसरल्यावर कोणता पक्षी परततो?

रत्नागिरीत १९९० च्या दशकाच्या आरंभी उभा राहू लागलेला तांबे शुद्ध करण्याचा कारखाना स्थानिकांच्या, विशेषतः आंबा बागायतदारांच्या, विरोधामुळे राज्याबाहेर गेला. अशा धुराड्याखाली रानातल्या पाखरांचे काय होते आणि धूर घटल्यावर त्यातले किती सावरते, याचा हिशेब मात्र फिनलंड आणि रशियातील थंड अरण्यांत मांडला गेला आहे.

फिनलंडमधील हार्यावाल्ता येथे तांबे व निकेल वितळवणाऱ्या कारखान्याभोवती संशोधकांनी झाडांवर लाकडी पेट्या बसवून त्यांत वीण करणाऱ्या, चिमणीहून लहान अशा माशीमार पक्ष्याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. खनिजातले गंधक जळून हवेत जाते, पावसाबरोबर आम्ल होऊन उतरते आणि जमिनीतला चुना धुऊन नेते. चुना नसला की शंखवाल्या गोगलगायी विरळ होतात. त्यांच्या शंखांचे तुकडे खाऊन अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम मिळवणारी मादी मग पातळ कवचाची अंडी घालते. १९९० च्या दशकात तेथील उत्सर्जन घटले, तशी या पक्ष्याची वीणही सुधारली. हा निष्कर्ष २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

रशियात उरल पर्वतातील रेव्हदा येथील तांबे वितळवणारा कारखाना १९४० पासून चालू आहे. १९८० मध्ये त्यातून वर्षाला सुमारे सव्वादोन लाख टन प्रदूषके बाहेर पडत. २०१० च्या आधुनिकीकरणानंतर हा आकडा काही हजार टनांवर आला. हवा निवळली, पण मातीत मुरलेले तांबे आणि शिसे तिथेच राहिले. कारखान्याच्या निकट गांडुळे नाहीशी झाल्यामुळे पालापाचोळा कुजत नाही, त्याचे जाड थर साचतात. म्हणून केवळ पाखरांची संख्या वाढली एवढ्यावर समाधान मानणे घाईचे ठरेल: फांदीवरच्या अळ्या टिपणाऱ्या पक्ष्याचे अन्न झाडांबरोबर सावरू शकते, जमीन उकरणाऱ्याला मातीची वाट पाहावी लागते. शिवाय करपलेल्या सूचिपर्णी झाडांच्या जागी गवत आणि झुडपे आली असतील, तर तेथे येणारे पक्षीही माळरानाचेच असणार.

कोकणातील लोटे, महाड आणि रोहे येथील कारखाने मुख्यतः रसायनांचे आहेत आणि तेथील तक्रार बहुधा नदी-खाडीच्या पाण्याची असते, त्यामुळे उरलचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. जांभ्याच्या मातीत मात्र मुळातच चुना कमी असतो, आणि जो असतो तोही चार महिन्यांच्या धुवाधार पावसात झिरपून जातो. पावसाच्या तोंडावर कोकणात येणारा नवरंग पक्षी ओलसर पाचोळा चोचीने उलथून किडे, गांडुळे शोधतो. औद्योगिक वसाहतींलगतच्या रानांत पक्षीगणना करताना नवरंगाच्या नोंदीशेजारी त्याच जागेवरच्या गोगलगायींची, गांडुळांची आणि पाचोळ्याच्या जाडीची नोंद घेतली, तर तिथली माती कितपत सावरली आहे हेही त्याच वहीत कळू लागेल.