दोन गळे, एक चाल आणि समीक्षकांचा हिशेब

मंडळी, नागपूरकरांना खडी गंमत, हे विदर्भातलं लोकनाट्य, समजावून सांगायची गरज नाही. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलून धरतात. पुढे कोण, मागे कोण, हे डोळे मिटूनही कळतं. फीबी ब्रिजर्स आणि कॉनर ओबर्स्ट या अमेरिकी गायक-गीतकारांच्या ‘बेटर ऑब्लिव्हियन कम्युनिटी सेंटर’ या अल्बममध्ये नेमकं हेच कळत नाही, आणि समीक्षकांची बरीच शाई ते शोधण्यात खर्ची पडली.

२४ जानेवारी २०१९ ला, फारसा गाजावाजा न करता, दहा गाणी ऑनलाइन आली. सीडी आणि एलपी फेब्रुवारीत. ओबर्स्ट १९८० चा, ‘ब्राइट आइज’ या बँडमुळे केव्हाच नावाजलेला. ब्रिजर्स १९९४ ची, तिचा पहिला अल्बम २०१७ चा. वयातलं हे अंतर पाहिलं की गुरू-शिष्येचा साचा हाताशीच असतो. आपल्याकडे तर तो जरा जास्तच हाताशी. मग प्रत्येक ओळीवर शिक्का : ही त्याची, ही तिची. स्वागत एकंदरीत चांगलं झालं, पण ते या हिशेबाच्या वहीत.

आकड्यांबद्दल थोडं. मेटाक्रिटिक ही वेबसाइट वेगवेगळ्या परीक्षणांना शंभरपैकी गुण देऊन भारित सरासरी (काही परीक्षणांना जास्त वजन देऊन) काढते. ‘बी’ श्रेणीचे ७५ होतात, ‘बी उणे’चे ६७. पाचपैकी तीन तारे म्हणजे ६०. परीक्षकाने गुणच दिले नसतील, तर मजकूर वाचून तिथले संपादक ते ठरवतात. तीन तारे देणाऱ्याला ‘ऐकण्याजोगं आहे’ म्हणायचं असतं, पण ६० दिसलं की वाचक नाक मुरडतो. श्रोत्यांचे गुण वेगळ्या रकान्यात, या सरासरीत ते येतच नाहीत. म्हणून आकडा बघा, पण त्या पानावर आकड्याखाली दिलेली चार परीक्षणं पूर्ण वाचल्याशिवाय मत बनवू नका.

आता मूळ मुद्दा, गळ्यांचा. पुष्कळ ओळी दोघं मिळून, एकाच चालीवर म्हणतात. पुरुष आणि स्त्री एकच चाल म्हणतात तेव्हा बहुधा सप्तकाचं अंतर पडतं. त्याचा स्वर ११० हर्ट्‌झचा (म्हणजे सेकंदाला ११० कंपनं) असेल तर त्यात २२०, ३३०, ४४० हे त्याच्या पटीतले वरचे अंश असतातच. तिचा स्वर २२० चा, त्याचे अंश ४४०, ६६०. म्हणजे तिचा प्रत्येक अंश त्याच्या स्वरात आधीपासून आहे. कानाला दोघं सुटे करणं जड जातं. ओळखू येतात ते कंपामुळे (ओबर्स्टचा गळा थरथरतो, ब्रिजर्सचा सरळ आणि श्वासाळ आहे) आणि व्यंजनांच्या वेळेमुळे. ‘स’ किंवा ‘ट’ थोडा जरी मागेपुढे झाला, तरी शब्द दुहेरी ऐकू येतो.

पट्टीचीही अडचण असते. पुरुषाला पेटीवरची काळी एक सोयीची, बाईला काळी चार-पाच. चाल एकच ठेवायची तर कोणाला तरी तळाला किंवा टोकाला जावं लागतं. दोघांनाही आपला हुकमी टापू सोडावा लागतो. ‘एकेकट्याच्या कामाइतकं धारदार नाही’ अशी तक्रार कोणी केली की मला आधी हे आठवतं.

आणि फोनचा स्पीकर! दोनशे-अडीचशे हर्ट्‌झच्या खालचं त्यातून फारसं निघत नाही. पुरुषाच्या आवाजाचा पाया जातो, बाईचा गळा पुढे येतो. ‘हा तर तिचाच अल्बम’ असं वाटणाऱ्यांपैकी काहींचा दोष कानांचा नसून स्पीकरचा असावा. हेडफोन लावा, आवाज मध्यम ठेवा. पहिलं गाणं ब्रिजर्स एकटी सुरू करते, ओबर्स्ट नंतर मिसळतो, म्हणून सुरुवात तिथून करा. मग ‘डिलन थॉमस’ लावा आणि एका वेळी एकाच गळ्याचा माग काढा. ‘एक्सेप्शन टू द रूल’ सिंथेसायझरवर उभं आहे, फोक, म्हणजे लोकसंगीताच्या वळणाचं काही, म्हणून ऐकायला बसलेले तिथे दचकतात. दचकू द्या.

शेवटचं ‘डॉमिनोज’ मात्र या दोघांपैकी कोणाचंच नाही. ते टेलर हॉलिंग्सवर्थचं गाणं आहे. ओळ कोणाची हे शोधत आलेल्याला तिथे वहीत लिहायला काही उरत नाही.