ॲबस्ट्रॅक्टवर पहिलं नाव कोणाचं?

(यवतमाळ जिल्ह्यात घरभेटी करणाऱ्या सिस्टर, आशाताई आणि स्वयंसेवकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. घाटंजी, आर्णी, पांढरकवडा, राळेगाव आणि पहाटेच्या एसटीनं थेट वणीहून आलेल्या सगळ्यांना नमस्कार. सोयाबीन सोंगायला आलेलं असताना तुम्ही एक दिवस काढलात, याची मला जाणीव आहे. दारापाशी उभे असलेले भाऊ, आत या, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. कोणाच्या खिशात खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी असेल तर तेवढी बाहेर ठेवून या, कारण आपण ज्यांच्या घरी जातो त्यांतल्या कितीतरी जणांचं दुखणं त्या पन्नीतूनच सुरू झालेलं असतं.

पत्रिकेत माझा विषय ‘पॅलिएटिव्ह केअरच्या परिषदेला ॲबस्ट्रॅक्ट कसा पाठवावा’ असा छापला आहे. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारातल्या माणसाचं दुखणं हलकं करणारी काळजी, आणि ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे परिषदेला पाठवायचा आपल्या कामाचा थोडक्यात सारांश. तो विषय मी सांगणार आहेच. पण त्याआधी एका वहीबद्दल बोलायचं आहे. ती वही आमच्याबरोबर घरभेटी करणाऱ्या एका सिस्टरची. त्या आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून घेत नाही.

तुमच्या सगळ्यांकडे घरभेटीचं रजिस्टर असतं. तारीख, गाव, रुग्णाचं वय, आजार, औषध, सही. यांनी मात्र शाळेची दोनशे पानी वही घेतली आणि पट्टीनं रेघा मारून आपले रकाने आपणच आखले. शौचाला झालं का, झोप लागली का, जखमेला वास आहे का. मॉर्फीन या वेदनेवरच्या औषधानं शौचाला अडतं, म्हणून ते चालू असताना पोट साफ होणं किती महत्त्वाचं आहे हे तुम्हाला सांगायला नको. दुखणं शून्य ते दहामध्ये विचारायचं असं आपल्याला प्रशिक्षणात शिकवतात. पण जी माणसं शाळेत गेलेली नाहीत, ती त्या आकड्यांपुढे गोंधळतात आणि पाहुण्याचा मान राखायचा म्हणून ‘पाच’ म्हणून मोकळी होतात. सिस्टरनी आण्यांत विचारायला सुरुवात केली. ‘आबाजी, आज किती आणे दुखते?’ लगेच उत्तर यायचं, ‘काल बारा आणे होतं बाई, आज आठ आणे हाय.’ आणा बाजारातून गेला तरी रुपयाचे सोळा आणे जुन्या माणसांच्या मनात पक्के आहेत.

आणि शेवटचा एक रकाना: ‘घरी कोण?’ भेटीच्या वेळी घरात कोण होतं. सून, नातू, शेजारची म्हातारी, की कोणीच नाही. हा रकाना मी कुठल्याही छापील फॉर्मवर पाहिलेला नाही.

तोंडाच्या कॅन्सरचे एक आबाजी होते. उन्हाळ्यात त्यांचं दुखणं चार आण्यांवर आलेलं, दसऱ्याच्या सुमारास पुन्हा बारा आण्यांवर गेलं. आजार वाढला असेल असं धरून मी डोस वाढवायला निघालो होतो. सिस्टरनी वही पुढे केली. त्या पंधरवड्यात ‘घरी कोण’च्या रकान्यात एकच शब्द खाली खाली लिहिलेला होता, कोणी नाही. मॉर्फीनची साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते. सकाळी सहाची गोळी सून द्यायची, संध्याकाळची आणि रात्रीचीही द्यायची. पण दहाच्या आणि दोनच्या वेळी ती वावरात असायची. आबाजी आपल्या हातानं घेत नसत, कारण गोळ्या संपल्या तर पुढे काय, ही धास्ती. दुसऱ्या घरी हेच, तिसऱ्या घरीही हेच.

यावरचा उपाय आशाताईनं काढला. गावच्या शाळेची घंटा दोनदा वाजते, शाळा भरताना आणि मधल्या सुट्टीत. घंटा झाली की शेजारच्या आजीनं कुडावरून हाक द्यायची, ‘आबाजी, गोळी घेतली काय जी?’ बस, एवढंच. दिवाळीपर्यंत आबाजी पुन्हा चार आण्यांवर आले, आणि डोस वाढवावा लागला नाही.

मला सांगा, हे संशोधन नाही तर काय आहे? प्रश्न आहे, मोजमाप आहे, कारण शोधलेलं आहे, बदल केला आहे, बदलानंतर पुन्हा मोजलेलं आहे.

आता माझी तक्रार. एका मोठ्या संस्थेतली माणसं आमच्याकडे आली. चांगली माणसं, मनापासून काम बघायला आलेली. त्यांनी वह्यांचे फोटो काढले. पुढे एका परिषदेत त्यावर पोस्टर, म्हणजे कामाची माहिती देणारा मोठा तक्ता, लागलं, त्याचं कौतुकही झालं. पोस्टरवर डॉक्टरांची नावं होती. सिस्टर खाली आभारात होत्या, आणि तिथेही नावानं नव्हत्या. ‘फील्ड स्टाफ’ असं लिहिलेलं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की त्यांनी फक्त माहिती गोळा केली. फक्त! ज्या बाईनं रकाना आखला, तिनं फक्त माहिती गोळा केली. आणि आशाताई तर आभारातसुद्धा नव्हती. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही, कारण ही एका पोस्टरची गोष्ट नाही. इथे बसलेल्यांपैकी कितीजणींच्या वह्या अशा गेल्या आहेत? हात वर करा. बघा.

लेखक कोणाला म्हणायचं याचे नियम आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा एक गट १९७८ साली कॅनडात व्हँकूव्हरला जमला. त्या गटाचे नियम आज जगभर चालतात. अभ्यासाच्या आखणीत किंवा माहिती मिळवण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी, अशा चार अटी. नुसती माहिती गोळा करून लेखक होता येत नाही हे त्यात आहे, पण त्याच नियमांत पुढे असंही आहे की जिनं पहिली अट पूर्ण केली, तिला मसुदा तपासायची आणि मान्यता द्यायची संधी मिळालीच पाहिजे. मसुदा दाखवायचा नाही आणि मग मसुद्यात सहभाग नव्हता म्हणून नाव गाळायचं, हे नियमात बसत नाही.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या वहीला एवढं काय महत्त्व. तुम्ही विदर्भात बसून हे विचारता? आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. दोन गावं! जगाचं लक्ष त्या प्रश्नाकडे वळलं. पुढे १९९९ मध्ये तिथल्याच ३९ गावांतल्या घरोघरच्या नवजात बाळांच्या काळजीचा अभ्यास आला. बाळाचं वजन, श्वास, ताप या नोंदी गावातल्याच बायांनी ठेवल्या होत्या. आशाताई, तुम्ही आज बाळंतिणीच्या घरी ज्या ठरलेल्या भेटी देता, तो देशाचा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला, आणि त्याचं मूळ त्या गावांत आहे.

पॅलिएटिव्ह केअरचा इतिहासही हेच सांगतो. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या. वेदनेची वाट न बघता ठरल्या वेळी तोंडावाटे मॉर्फीन द्यायचं, हे त्यांनी सेंट ल्यूक्स नावाच्या रुग्णालयात पाहिलं. तिथल्या परिचारिका ते आधीपासून देत होत्या. पुढे दुसऱ्या रुग्णालयात सॉन्डर्सबाईंनी हजारावर रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, त्यांचं बोलणं टेप केलं, आणि त्यातून शरीर, मन, नातीगोती आणि श्रद्धा या सगळ्यांच्या एकत्र दुखण्याचा विचार मांडला. १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं ठिकाण, उभं राहिलं ते त्या नोंदींवर. आपल्या देशात केरळमध्ये हे काम वाढलं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बळावर. आणि २०१४ मध्ये अंमली पदार्थांचा कायदा बदलून मॉर्फीनच्या परवान्यांची किचकट साखळी सुटली, त्यामागे वर्षानुवर्षं कागदावर पुरावे मांडणारी माणसं होती. पुरावा मांडल्याशिवाय सरकार हलत नाही. आपल्या गावच्या दुखण्याचा पुरावा आपण मांडला नाही, तर यवतमाळच्या माणसासाठीचं धोरण दिल्ली-मुंबईच्या वॉर्डातल्या आकड्यांवर ठरेल. तिथल्या वॉर्डात सोयाबीनची सोंगणी नसते.

अजून एक सांगतो, मग मूळ विषय. जखमेच्या वासाबद्दल. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकली की वास कमी होतो, हे आपण सगळे करतो. किती कमी झाला हे कसं मोजणार? सिस्टरच्या वहीत एका ठिकाणी लिहिलंय, ‘नातू आज आजोबांच्या खाटेवर बसून जेवला.’ त्याआधीच्या भेटींत लिहिलेलं, ‘नातू दारातून.’ मला वासाचं यापेक्षा चांगलं मोजमाप माहीत नाही. कोणीतरी हे घेऊन परिषदेत उभं राहिलं पाहिजे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, जेवणाची वेळ झालीय. तर आता भराभर. लिहून घ्या.

आपल्या देशातल्या पॅलिएटिव्ह केअरच्या संघटनेची वार्षिक परिषद बहुधा फेब्रुवारीच्या आसपास असते आणि ॲबस्ट्रॅक्टची मुदत त्याच्या काही महिने आधी संपते. म्हणजे ऐन हंगामात. त्यामुळे उन्हाळ्यातच ठरवा. पहिलं काम एथिक्स कमिटीचं, म्हणजे संशोधनात रुग्णाचं हित जपलं जातं का हे तपासणाऱ्या समितीचं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्याप्रमाणे माहिती गोळा करण्याआधी परवानगी लागते. जुन्या वह्यांतली, नावं काढलेली माहिती वापरायची असेल तर संमती माफ करायची का हे कमिटी ठरवते, आपण नाही. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या कमिटीकडे अर्ज करता येतो का ते विचारा. रुग्णाचा फोटो लेखी संमतीशिवाय नाही. गावाचं नाव नाही. पाचशे वस्तीच्या गावात ‘पासष्ट वर्षांचे, तोंडाचा कॅन्सर’ एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते.

लिखाण. शब्दमर्यादा साधारण अडीचशे-तीनशे, पण दर परिषदेची सूचना वेगळी, ती वाचा. पार्श्वभूमी दोन वाक्यांत, जगभरातल्या कॅन्सरची आकडेवारी तिथे नको. उद्देश एका वाक्यात. पद्धतीत कोण, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, काय मोजलं. आण्यांत मोजलं असेल तर आण्यांतच लिहा, शून्य ते सोळा, आणि असं का केलं ते एका ओळीत. त्याचे दशांश करून दहाच्या पट्टीवर बसवू नका. निकालात आकडे, आणि कितीपैकी किती. ‘बऱ्याच रुग्णांना आराम पडला’ हे चालत नाही, ‘इतक्यांपैकी इतक्यांचं दुखणं चार आण्यांच्या आत आलं’ हे चालतं. ‘निकाल परिषदेत सांगू’ असं लिहिलं की परीक्षक बाजूला ठेवतात. मध्येच मृत्यू झालेले रुग्ण गाळू नका, आपल्या कामात ते असणारच, त्यांची संख्या द्या. निष्कर्ष निकालाच्या पुढे पळता कामा नये. तीन गावांवरून महाराष्ट्राबद्दल बोलू नका. परीक्षकांना नाव न कळू देता तपासणी होते, म्हणून मजकुरात संस्थेचं नाव नको.

इंग्रजीची भीती आहे, कळतं मला. आधी मराठीत लिहा, वऱ्हाडीत लिहा. इंग्रजी आम्ही करू. पण केलेलं इंग्रजी तुम्हाला वाचून, मराठीत समजावून, तुमचा होकार घेतल्याशिवाय ते जाणार नाही, आणि पहिलं नाव वही लिहिणारीचं असेल. स्टेजवर बोलायचं की पोस्टर लावायचं असं फॉर्ममध्ये विचारतात. पहिल्यांदा पोस्टर घ्या, माणसं जवळ येऊन बोलतात. सादर करणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि तिची फी असते. परिषदेच्या सचिवांना पत्र लिहून सवलत मागा, आणि मिळाली नाही तर आपण इथे वर्गणी काढू. मी पहिली पावती फाडतो.

नाकारलं तर शेरा मागवा, तो आला तर फायलीत लावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा.

जेवणानंतर मागच्या खोलीत दोन लॅपटॉप लावून ठेवले आहेत. ज्यांनी वह्या आणल्या असतील त्यांनी तिथे बसा. आज एका वहीचा एकच रकाना घेऊ आणि त्यातून उद्देशाचं एक वाक्य लिहू. ज्यांनी आणल्या नाहीत त्यांनी सिस्टरपाशी बसा, रकाने कसे आखायचे ते त्या दाखवतील. एसटी साडेचारला आहे.