एक प्रथिन, दोन चाचण्या

(दृश्य : तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात ९६ खळगे. पिपेटचं टोक एकेका खळग्यावरून सरकतं.)

प्रत्येक खळग्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आहेत. त्यांच्यावर सोडलाय एचआयव्ही आणि लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातलं सीरम, दर पुढच्या खळग्यात आणखी पातळ केलेलं. विषाणू शिरला की या पेशी एक एन्झाइम बनवतात. दोन दिवसांनी वरून रसायन टाकायचं आणि उजेड मोजायचा. खळगा उजळला, तर विषाणू आत घुसला. अंधार राहिला, तर अँटीबॉडींनी त्याला दारातच अडवलं.

बरीच वर्षं एचआयव्ही लसीच्या आशा या अंधारावर टांगलेल्या होत्या. थायलंडमधल्या दोन चाचण्यांनी तो हिशेब बिघडवला.

(दृश्य : थायलंडचा नकाशा. बँकॉकवरून कॅमेरा आग्नेयेकडे, चोनबुरी आणि रायोंगकडे.)

पहिली चाचणी ‘व्हॅक्स ००३’, बँकॉकमध्ये. सुईनं अमली पदार्थ घेणारे सुमारे अडीच हजार जण. विषाणूच्या कवचावरचं जीपी-१२० हे प्रथिन त्यांना सात वेळा टोचलं. अँटीबॉडी भरपूर तयार झाल्या. संरक्षण मात्र काहीच मिळालं नाही.

दुसरी ‘आरव्ही १४४’. १६,४०२ स्वयंसेवक. कॅनरीपॉक्स या पक्ष्यांच्या विषाणूवर बेतलेली एक लस चार वेळा, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन वेळी सोबत प्रथिनाचा डोस. प्रथिन कोणतं? व्हॅक्स ००३ मध्ये फसलेलं, तेच! नामवंत संशोधकांनी या चाचणीवर जाहीर हरकत घेतली होती, आणि तेव्हाची माहिती पाहता त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं.

२००९ मध्ये निकाल लागला. लस घेतलेल्यांत ५१ जणांना लागण, लस न मिळालेल्यांत ७४. म्हणजे ३१.२ टक्के संरक्षण. लस म्हणून वापरायला हे फारच तोकडं. पण शून्य नव्हे. आणि खळग्यांच्या परीक्षेत व्हॅक्स ००३ चं सीरम आरव्ही १४४ पेक्षा सरस होतं! मग ३१ टक्के आले कुठून?

(दृश्य : अतिशीत फ्रीजर उघडतो. पांढरी वाफ. नळ्यांचे खोके.)

उत्तर गोठवून ठेवलेल्या नळ्यांत होतं. लस घेऊनही लागण झालेले ४१ जण आणि लागण न झालेले २०५ जण, यांचं रक्त शेजारी शेजारी ठेवून तपासलं गेलं. २०१२ मध्ये दोन गोष्टी पुढे आल्या. जीपी-१२० च्या ‘व्ही-१ व्ही-२’ या भागाला चिकटणाऱ्या आयजीजी (रक्तातला अँटीबॉडीचा मुख्य प्रकार) ज्यांच्यात जास्त, त्यांना लागणीचा धोका कमी. आणि विषाणूच्या कवचाविरुद्धची आयजीए (अँटीबॉडीचाच दुसरा प्रकार) ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांना लस घेतलेल्या इतरांपेक्षा धोका अधिक. एक शक्यता अशी, की आयजीए आधी जाऊन जागा अडवते आणि कामाची आयजीजी बाहेर ताटकळते.

मग दोन्ही चाचण्यांमधली आयजीजी तपासली, तिच्या उपप्रकारांसह. अँटीबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. वरचे दोन हात विषाणूला पकडतात, खालची शेपटी मारेकरी पेशींना हाक मारते. आयजीजी-३ ची हाक खणखणीत. आयजीजी-४ जवळपास मुकीच. आरव्ही १४४ मध्ये आयजीजी-३ ठळक होती. व्हॅक्स ००३ मध्ये पारडं आयजीजी-४ कडे झुकलं होतं. एकच प्रथिन पुन्हा पुन्हा टोचत राहिलं की शरीर असं वळतं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. या दोन गटांची तुलना पूर्ण सरळ नाही. बँकॉकच्या गटात विषाणू बहुतेकदा सुईतून थेट रक्तात जात होता, आरव्ही १४४ मध्ये मुख्यतः लैंगिक संबंधांतून येत होता. शिवाय आयजीजी-३ टिकली नाही, काही महिन्यांतच उतरली. संरक्षणाचंही तसंच : पहिल्या वर्षाअखेर अंदाजे ६० टक्के, साडेतीन वर्षांनी ३१.

(दृश्य : दक्षिण आफ्रिका. दवाखान्याबाहेर रांग.)

हाच नमुना तिथल्या विषाणूला जुळेल असा बदलून २०१६ मध्ये ‘उहाम्बो’ चाचणी सुरू झाली. तिच्या आधीच्या छोट्या चाचणीत जीपी-१२० विरुद्धच्या अँटीबॉडी आरव्ही १४४ च्या कितीतरी पट होत्या. व्ही-१ व्ही-२ विरुद्धच्या मात्र कमी. फेब्रुवारी २०२० मध्ये लसीकरण थांबवलं. लागण लस गटात १३८, लस न मिळालेल्या गटात १३३.

(दृश्य : पुन्हा प्लेट. पेशी मोजणाऱ्या यंत्राचा पडदा, रंगीत ठिपके.)

आता काही गट उलट्या टोकानं निघालेत. एचआयव्हीची अनेक रूपं रोखणाऱ्या अँटीबॉडी ज्या दुर्मीळ बी पेशींपासून (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींपासून) घडू शकतात, त्या पेशींनाच आधी जागं करायचं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ३६ जणांना अशी लस दिली, ३५ जणांत त्या पेशी जाग्या झाल्या. पुढचे डोस देऊन त्यांना टप्प्याटप्प्यानं घडवायचं काम अजून पूर्ण झालेलं नाही. या ३५ जणांचं सीरम खळग्यांत घातलं, तर सगळे खळगे उजळणार. पहिल्या टप्प्याकडून संशोधकांची अपेक्षा पेशी जाग्या होण्याएवढीच होती.