मुमताज महलच्या लेकी

मंडळी, नगर रोडवरचा आगाखान पॅलेस पाहिला नाही असं इथे कुणी नसेल. गांधीजी तिथे स्थानबद्ध होते, कस्तुरबांची समाधी तिथे आहे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण तो वाडा बांधणाऱ्या तिसऱ्या आगाखानांसाठी १९२२ साली इंग्लंडात डॉन्कास्टरच्या लिलावात वर्षाचं एक करडं शिंगरू ९,१०० गिनींना (गिनी हे जुनं इंग्रजी चलन) घेतलं गेलं आणि पुढे त्याच्या वंशाने जगभरची मैदानं व्यापली, हे पुण्यात सहसा कुणी सांगत नाही. आज त्या शिंगराची गोष्ट सांगायची आहे. टिप मिळेल या आशेने कुणी आलं असेल, तर त्यांनी निदान चहा घेऊन जावं.

तिचं नाव मुमताज महल. बाप ‘द टेट्रार्क’, अंगावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखा ठिपकेदार करडा घोडा, कधीही न हरलेला. लिलावात तिची निवड जॉर्ज लॅम्बटन या जाणत्या ट्रेनरने केली होती. दोन वर्षांची असताना ती सहा शर्यती धावली आणि पाच जिंकली. ॲस्कॉटच्या क्वीन मेरी स्टेक्समध्ये तर तिने बाकीच्यांना दहा लेंग्थ, म्हणजे घोड्याच्या दहा लांबींएवढं, मागे टाकलं. केम्प्टनला चिखलात तेवढी एकदा हरली. लोक तिला ‘फ्लाइंग फिली’, म्हणजे उडती तरुण घोडी, म्हणायला लागले.

पुढच्या वर्षी वन थाउजंड गिनीज, म्हणजे एक मैल. तिथे मात्र शेवटच्या टप्प्यात दम संपला आणि प्लॅक नावाची फिली तिच्या पुढे निघून गेली. मग पुन्हा गुडवुड आणि यॉर्कच्या छोट्या शर्यती, आणि दोन्ही खिशात. एकूण दहा धावा, सात विजय. वेगाची कमाल, पण पल्ला पाच-सहा फर्लांगांचा (आठ फर्लांगांचा एक मैल). इंग्लंडातली मानाची शर्यत डर्बी असते बारा फर्लांगांची. आता अशा घोडीच्या पोटी डर्बीचा घोडा कसा निपजायचा?

आगाखानांकडे वंशावळींचा हिशेब मांडणारे कर्नल व्हुइये नावाचे फ्रेंच गृहस्थ होते. कुठल्या पूर्वजाचं रक्त किती प्रमाणात यावं याची त्यांनी चक्क आकडेमोड बसवली होती. आपल्याकडे पत्रिका पाहून छत्तीस गुण जुळवतात, त्यातलाच प्रकार म्हणा. त्या गणितात किती शास्त्र होतं, याबद्दल मला स्वतःला शंका आहे. पण एक गोष्ट खरी, की मुमताज महलला वेगवान नर दाखवून वेग दुप्पट करण्याचा मोह त्यांनी टाळला. तिला ट्रिपल क्राउन, म्हणजे डर्बीसह तीन मोठ्या शर्यती, जिंकलेला गेन्सबरो दिला, डर्बी जिंकलेला ब्लेनिम दिला. दमाचे घोडे.

इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच शिंगरू देते. नामांकित नर आजकाल एका हंगामात शंभराहून जास्त घोड्या सहज फळवतो. त्यामुळे घोडीचं रक्त पसरायचं तर ते नातवांकडूनच. मुमताज महलच्या मुलांपेक्षा नाव काढलं ते तिच्या लेकींनी. गेन्सबरोपासूनच्या माह महलने महमूद दिला. त्याने १९३६ ची डर्बी अशा वेळेत जिंकली की तो विक्रम १९९५ पर्यंत टिकला. ब्लेनिमपासूनच्या मुमताज बेगमने नसरुल्ला दिला. रुस्तम महलने ॲबरनंट दिला, आजीसारखाच करडा आणि आजीसारखाच तुफान. तोही मैलाच्या टू थाउजंड गिनीजमध्ये हरला, फोटो-फिनिशवर, नाकभर अंतराने. आजीचा गुण आणि आजीचा दोष, दोन्ही घेतले पठ्ठ्याने.

आपल्या घरात लेक सासरी जाते आणि मुलगा वाडा सांभाळतो. आगाखानांच्या तबेल्यात उलटं होतं. बऱ्याच लेकी माहेरीच राहिल्या आणि नातू परदेशी विकले गेले. महमूद १९४० साली अमेरिकेला गेला. नसरुल्ला आधी आयर्लंडमध्ये विकला गेला आणि १९५० साली केंटकीला पोचला. इंग्लंडातले लोक यावर चडफडले, आगाखानांना व्यापारी म्हणाले. माझं मत विचाराल तर या विक्रीनेच ती घोडी अमर झाली. नसरुल्ला मोठा लहरी, मनात नसलं तर सरावाला पाऊल उचलायचा नाही. पण त्याच्यापासून बोल्ड रूलर झाला आणि बोल्ड रूलरपासून सेक्रेटेरिएट, १९७३ मध्ये बेलमाँट स्टेक्स ३१ लेंग्थने जिंकणारा. महमूदची लेक अल्महमूद, तिची लेक नताल्मा, आणि नताल्माचा मुलगा नॉर्दर्न डान्सर, ज्याचा वंश जगभर पसरला. जपानच्या शर्यतींचा चेहरा बदलणारा संडे सायलेन्स घ्या. त्याचा बाप हेलो. हेलोच्या आईची आई अल्महमूद, आणि त्याच्या बापाकडून रॉयल चार्जर, जो मुमताज बेगमच्या लेकीचा मुलगा. म्हणजे दोन्ही वाटा फिरून एकाच घोडीपाशी.

आपल्याकडेही ती आलीच. उषा स्टड या घोडेपैदास केंद्राचा रझीन हा नॉर्दर्न डान्सरचा मुलगा. पूनावालांकडचा प्लेसरविल हा मिस्टर प्रॉस्पेक्टरचा, आणि मिस्टर प्रॉस्पेक्टरची आई नसरुल्लाची नात. महालक्ष्मीला किंवा आपल्या कॅम्पातल्या रेसकोर्सवर या दोघांच्या वंशातले घोडे ज्यांनी पाहिले, त्यांनी मुमताज महलची पतवंडंच पाहिली.

पण हे सगळं बापांच्या वाटेचं झालं. मला जास्त ओढ आहे ती माहेरी राहिलेल्या लेकींची. १९५९ साली वन थाउजंड गिनीज आणि ओक्स जिंकणारी पेतीत एत्वाल याच घरातली, तीही करडी. करड्या रंगाचा नियम असा, की आई किंवा बाप यांपैकी एक तरी करडा असल्याशिवाय शिंगरू करडं होत नाही. तो रंग एक पिढी दडून बसून पुन्हा उगवत नाही. पेतीत एत्वालचा रंग आईकडून, आजीकडून, पणजीकडून थेट मुमताज महलपर्यंत मोजता येतो. एवढी थोर घोडी, पण स्टडमध्ये पार निराशा. लेक झाली ती एकच, झाहरा. त्या एका धाग्यावर सगळं लोंबत होतं. झाहराची लेक झारना, तिची झारकाना, तिची झारकाशा. आणि झारकाशाच्या पोटी झारकावा. सात शर्यती, सातही विजय, शेवटची २००८ ची आर्क द त्रिओंफ, पॅरिसची मानाची शर्यत. जॉकीच्या अंगावर रेशमी रंग तेच, आगाखानांचे. मालक होते तिसऱ्या आगाखानांचे नातू.